रांजण कोणाचा?

जुन्नरहून नाणेघाट पाहायला गेलेल्या माणसाला तिथल्या दोन गोष्टी हटकून दाखवतात. एक म्हणजे सातवाहनांच्या काळातले लेणे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. आणि दुसरी म्हणजे घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण. कोकणातून माल घेऊन वर येणाऱ्या व्यापाऱ्याने जकातीचे नाणे या रांजणात टाकायचे, अशी हकिगत पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कॉलेजची सहल घेऊन गेलो की कोणी ना कोणी विचारतोच, "सर, हा रांजण कोणाचा?"

मी म्हणतो, "घाटाचा." मुले हसतात. पण दुसरे उत्तर तरी काय द्यावे? व्यापारी आले आणि गेले. प्रत्येकाचा बैल वेगळा, गोणी वेगळी, कमरेची थैली वेगळी. रांजण मात्र सगळ्यांना मिळून एक. त्यात शंभरावे नाणे ज्याने टाकले तो व्यापारी एक नाणे देऊन मोकळा झाला. शंभर हा आकडा राहिला घाटाच्या नावावर.

हा रांजण मला पुन्हा एकदा, आणि तोही कॉम्प्युटरच्या एका धड्यात भेटणार आहे, असे कोणी सांगितले असते तर मीही त्या मुलांसारखाच हसलो असतो. मी मराठी शिकवणारा माणूस. संधी आणि समास यांच्यापलीकडे कशाची फोड करण्याचा प्रसंग माझ्यावर सहसा येत नाही. पण काही वर्षांपूर्वी आमच्या भाच्याने गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब कॉम्प्युटरवर चढवला, आणि त्यातून जे रामायण घडले ते निस्तरताना मला तो धडा घ्यावा लागला.

कोरा फॉर्म आणि भरलेला फॉर्म

गाव नारायणगाव आणि मंचर यांच्या मधल्या पट्ट्यातले. नाव सांगत नाही. सांगून कोणाचे भले होणार नाही. केंद्रावर साठेक सभासद दूध घालतात. सकाळ-संध्याकाळ कॅन येतात, लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ काढतात, आणि दर दहा दिवसांनी 'दुधाचा पगार' होतो. मधल्या दिवसांत कोणाला नड लागली तर केंद्राकडून उचल मिळते. ती पुढच्या पगारातून कापायची. हे सारे एका जाड वहीत होते. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुटीत आला आणि म्हणाला, "मामा, ही वही मी चार दिवसांत बंद करतो."

त्याने मला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. नव्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये आधी 'क्लास' लिहितात. क्लास म्हणजे छापलेला कोरा फॉर्म: सभासदाचे नाव, लिटर, फॅट, उचल. प्रत्येक सभासदासाठी हा फॉर्म भरला की तयार होतो तो 'ऑब्जेक्ट'. आम्हा व्याकरणवाल्यांना हे नवे नाही. 'गाय' हे सामान्यनाम आणि 'कपिला' हे विशेषनाम, हा भेद आपण मराठी चौथीला शिकवतो. आपल्या न्यायशास्त्रात तर जाती आणि व्यक्ती यांवर शतकानुशतके वाद चालला. गाईपण हे अनेक गाईंत राहूनही एकच कसे राहते, हा त्या वादातला एक नावाजलेला प्रश्न.

कॉम्प्युटरवाल्यांना हीच युक्ती 1960 नंतरच्या दशकात सापडली. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नुगोर या दोघांनी 'सिम्युला' नावाची भाषा तयार केली. रांगा, येजा, वाट पाहणे अशा व्यवहारांची नक्कल त्यांना यंत्रावर उतरवायची होती. रांगेतला प्रत्येक माणूस वेगळा, पण वागण्याचा साचा एक. त्यातून 1967 च्या 'सिम्युला'त क्लास आणि ऑब्जेक्ट ही जोडी आली. पुढे 'स्मॉलटॉक', ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांची 'सी प्लस प्लस' आणि 1995 साली बाहेर आलेली 'जावा' या भाषांनी ती जगभर नेली. दाल आणि नुगोर यांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी, थोड्या आठवड्यांच्या अंतराने, दोघेही वारले.

"आता गंमत बघा, मामा," भाचा म्हणाला. "लिटर ज्याचे त्याचे, फॅट ज्याची त्याची. पण दर? तो सगळ्यांना एकच. मग साठ फॉर्मांवर साठ वेळा दर कशाला लिहायचा? उद्या दर बदलला तर साठ ठिकाणी खोडाखोड. एक फॉर्म नजरचुकीने राहिला की त्या माणसाला जुन्या दराने पैसे. म्हणून दर फॉर्मवर लिहायचाच नाही. केंद्राच्या भिंतीवर फळा आहे ना, त्यावर एकदाच लिहायचा, आणि सगळ्यांनी तिथे बघायचे. या फळ्याला म्हणतात स्टॅटिक व्हेरिएबल."

मला नाणेघाटचा रांजण आठवला तो इथे. मी विचारले, "आणि सभासद किती झाले, हा आकडा?"

"तोही स्टॅटिक. नवा सभासद आला की एकाने वाढवायचा. प्रत्येकाने आपापल्या फॉर्मवर मोजायला घेतले तर प्रत्येकाचा नंबर एकच येईल!"

'स्थिर' शब्दाचा घोळ

शब्दकोशात 'स्टॅटिक'ला 'स्थिर' हा प्रतिशब्द मिळतो, आणि माझा पहिला गोंधळ त्यानेच केला. स्थिर म्हणजे न बदलणारे. मग दर स्थिर कसा? दुधाचा दर तर बदलतच असतो! भाच्याचे म्हणणे असे की, इथे स्थिर आहे ती जागा. त्या जागेतले मूल्य खुशाल बदलावे. हा शब्द मूळ 'सी' भाषेतला. प्रोग्रॅमचे काम चालू असताना तात्पुरत्या जागा मांडल्या जातात आणि मोडल्या जातात, तसे जिचे होत नाही, जी प्रोग्रॅम संपेपर्यंत जागच्या जागी राहते, ती स्टॅटिक. पुढच्या भाषांनी तोच शब्द क्लासच्या मालकीच्या जागेला लावला. माझ्या मते आपल्याकडे त्याला सातबाऱ्यावरचा शब्द शोभेल: सामाईक. सामाईक विहिरीतले पाणी रोज वरखाली होते. विहीर एकच राहते.

या सामाईक जागेची आणखी एक तऱ्हा आहे. एकही ऑब्जेक्ट तयार नसला तरी ती असते. सभासद एकही आलेला नसताना फळा भिंतीवर टांगलेला असतो, आणि सभासदसंख्या शून्य आहे असे त्यावर वाचता येते. आमच्याकडे याचे उदाहरण शेजारीच आहे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले; तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे; पण तालुक्याचे नाव आंबेगाव ते आंबेगावच. गाव पाण्यात गेले म्हणून नाव कोणी पुसले नाही, कारण ते त्या एका गावाचे राहिलेच नव्हते.

असो. चार दिवसांत प्रोग्रॅम झाला. भाच्याने स्वतःच्या आईच्या नावाने एक फॉर्म भरून पाहिला. हिशेब पैशापर्यंत बरोबर आला. पेढे वाटले गेले. वही कपाटात गेली.

पहिला पगार

पहिला पगार झाला त्या दिवशी मी केंद्रावर होतो. छापील पावत्या पाहून मंडळी खूश होती. वरच्या वाडीतल्या एक आजी रांगेत होत्या. एक गाय, दिवसाला चार लिटर दूध, घरात दुसरे कमावते कोणी नाही. त्यांनी पावती नातवाकडून वाचून घेतली आणि खिडकीशी परत आल्या.

"बाळा, म्या पाचशे उचल घेतली व्हती. ती ह्यात कापल्याली न्हाई."

भाच्याने पावती पाहिली, स्क्रीन पाहिली. उचल शून्य. तो हसून म्हणाला, "आजी, कॉम्प्युटर चुकत नाही. तुम्हालाच आठवत नसेल."

रांगेतल्या एकाने विनोद केला, "आजी, सरकारनं माफ केली असंल!" सगळे हसले. मीही हसलो, हे लिहिताना आता बरे वाटत नाही. आजी पावती घडी करून निघून गेल्या. त्या दिवशी आणखी काही जणांची उचल कापायची राहिली होती, हे मागाहून कळले. पण ते काही बोलले नव्हते.

दहा दिवसांनी दुसरा पगार झाला आणि सकाळी सात वाजता केंद्रासमोर निम्मे गाव जमले. प्रत्येकाच्या पावतीवर उचल पाच हजार! ज्याने छदामही घेतला नव्हता त्याचेही पाच हजार कापलेले. चेअरमन घाम पुसत होते. भाचा स्क्रीनसमोर पांढराफटक पडून बसला होता. प्रत्येकाचे लिटर बरोबर, फॅट बरोबर, दर बरोबर. उचल तेवढी सगळ्यांची सारखी.

वही कपाटातून बाहेर आली. पाच हजारांची उचल घेतलेला सभासद एकच निघाला, यादीतला शेवटचा. आणि मागच्या पगाराला? यादीतल्या याच शेवटच्या माणसाने तेव्हा काही उचल घेतलेली नव्हती. म्हणून तेव्हा सगळ्यांची शून्य.

एका शब्दाची चूक

त्या रात्री भाच्याने मला चूक दाखवली. प्रोग्रॅम जावात होता. त्यात जिथून कामाला सुरुवात होते तो भाग स्वतःच स्टॅटिक असतो, म्हणजे क्लासच्या मालकीचा. त्याच्यासमोर कोणी एक सभासद उभा नसतो. भाच्याने त्या भागात नुसते 'उचल' असे लिहिले होते. यंत्राने हरकत घेतली की, स्टॅटिक नसलेल्या गोष्टीचा उल्लेख स्टॅटिक जागेतून करता येत नाही. इंग्रजीतल्या त्या कोरड्या वाक्याचा साध्या मराठीत अर्थ एवढाच: "उचल म्हणतोस, पण कोणाची?"

याचे सरळ उत्तर होते: अमुक सभासदाची. म्हणजे नुसते 'उचल' न लिहिता आधी सभासद आणि मग त्याची उचल, असे लिहायचे. रात्रीचा एक वाजला होता. भाच्याने 'उचल' या शब्दामागे 'स्टॅटिक' हा शब्द जोडून टाकला, आणि हरकत बंद झाली. यंत्र गप्प झाले म्हणजे त्याचे समाधान झाले, असे त्याने धरले. नवशिकी मुले ही चूक नेहमी करतात, असे त्यांचे शिक्षक सांगतात.

त्या एका शब्दाने साठ फॉर्मांवरचा उचलीचा रकाना पुसला गेला आणि भिंतीवरच्या फळ्यावर एकच रकाना उरला. प्रोग्रॅम यादी वाचत गेला: पहिल्याची उचल फळ्यावर लिहिली, दुसऱ्याची लिहिताना पहिल्याची पुसली, तिसऱ्याची लिहिताना दुसऱ्याची. शेवटी फळ्यावर शेवटच्या माणसाचा आकडा राहिला. मग पावत्या छापायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाने फळ्याकडे पाहिले. आईच्या एकट्या फॉर्मवर चाचणी घेतली तेव्हा हे कळणे शक्यच नव्हते. सभासद एकच असला की सामाईक आणि स्वतःचे यांत फरक दिसत नाही. एकुलत्या एका मुलाच्या घरात वाटणीचा वाद कसा असेल?

दोष 'जावा'चाही नाही. 'पायथन' नावाच्या भाषेत 'स्टॅटिक' शब्द लिहावाही लागत नाही. नोंदींची यादी क्लासच्या थेट अंगात मांडली की ती सामाईक होते, आणि एकाच्या नावाने केलेली नोंद सगळ्यांच्या खात्यात दिसू लागते. भाषा कोणतीही असो, प्रश्न तोच: हे कोणाचे?

खोडदच्या तीस तबकड्या

हा प्रश्न नीट सोडवलेला पाहायचा असेल तर आमच्या तालुक्यातच चला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 मध्यभागी जवळजवळ, आणि उरलेल्या 16 इंग्रजी 'वाय'सारख्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या अंतरात विखुरलेल्या. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. आमची मुले दर वर्षी जातात.

तीस तबकड्या मिळून एका दुर्बिणीसारखे काम करतात ते कशाच्या जोरावर? वेळ सगळ्यांची एक हवी. म्हणून ठेक्याची एकच प्रमाण लहर मध्यवर्ती ठिकाणाहून काचतंतूंच्या तारांनी प्रत्येक तबकडीकडे जाते. प्रत्येक तबकडीने आपापले घड्याळ लावले असते तर साऱ्या आकाशाची खिचडी झाली असती. पण विलंब मात्र ज्या-त्या तबकडीचा वेगळा. आकाशातली लहर एका तबकडीवर आधी पोहोचते, दुसरीवर नंतर. तो फरक प्रत्येकीसाठी स्वतंत्र मोजून दुरुस्त करावा लागतो. तिथे एकच आकडा सगळ्यांना लावला की चित्र पुसट. ठेका सामाईक, विलंब ज्याचा त्याचा. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे मला परीक्षेत पाठ होते. आता कळले."

सामाईक वस्तूला आणखी दोन पथ्ये लागतात, तीही त्याने त्या आठवड्यात शिकून घेतली. केंद्राला दोन खिडक्या आहेत. दोन्हींवर एकाच क्षणी पावती फाडली आणि दोघांनीही फळ्यावर 41 वाचून 42 लिहिले, तर दोन पावत्यांचा नंबर एक. म्हणून फळ्यावर लिहिताना एकाने कुलूप लावायचे आणि दुसऱ्याने थांबायचे, अशी सोय प्रोग्रॅममध्ये करावी लागते. दुसरे पथ्य असे की, हा फळा रात्री पुसला जातो. प्रोग्रॅम बंद झाला की स्टॅटिक जागेतले मूल्यही जाते. ते वेगळे साठवून ठेवले नाही तर सकाळी पावती पुन्हा एक नंबरपासून. स्थिरपणाची आयुष्यमर्यादा ही एवढीच.

कालवड

चूक सापडली, शब्द खोडला, पावत्या पुन्हा छापल्या. ज्यांचे कापले होते त्यांना पैसे परत गेले. तेही दोन दिवसांत, कारण जो तो दारातच उभा होता. तिसऱ्या दिवशी चेअरमनच्या लक्षात आले की वरच्या वाडीतल्या आजींची पावती तशीच पडून आहे, आणि दोन दिवस त्यांचे दूधही आलेले नाही.

भाचा आणि मी वाडीवर गेलो. आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची जुनी पावती मी पाहिली: दुधाचे बाराशे, उचल पाच हजार, येणे बाकी उणे तीन हजार आठशे. म्हणजे दूध घालून वर आजींनीच केंद्राचे देणे लागायचे! मी विचारले, "आजी, तुम्ही भांडायला का आला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "मागल्या खेपेला म्या म्हनलं चुकलंय, तवा ह्यो म्हनला मशीन चुकत न्हाई, मलाच आठवत नसंल. मंग ह्या खेपेला बी मलाच आठवत नसंल की. मास्तर, म्हातारपन हाय."

गोठ्यात एक कालवड बांधली होती. ती बेल्ह्याच्या बाजारात न्यायचे ठरले होते. शेजारच्याचा टेम्पो सांगून झाला होता. दोन दिवसांचे दूध त्यांनी वाडीतच रोखीने विकले होते, केंद्राचे देणे जमवायला.

भाच्याने तोंडातून शब्द काढला नाही. खिशातून बाराशे रुपये काढले, नवी पावती काढली आणि आजींच्या पायाशी ठेवली. मग म्हणाला, "आजी, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. दोन्ही वेळा."

आजींनी नोटा मोजल्या. सावकाश, दोनदा मोजल्या. त्यांतली पाचशेची नोट वेगळी करून त्याच्या हातात परत दिली.

"ही मागली उचल. आता तरी लिव्हून घे."

त्याने खिसे चाचपले, कागद नव्हता. मी माझे पेन दिले. आजींच्याच जुन्या पावतीच्या पाठीमागे त्याने आधी त्यांचे नाव लिहिले, आणि मग त्याच्यापुढे आकडा.